रिकाम्या रकान्यातलं शून्य

मी नांदेडची. स्टेशनजवळ अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी वर्षभर घरी बसले होते, तेव्हा लातूरच्या एका कोचिंग क्लासची नोकरी चालून आली. भूकंपाला तोवर आठ-नऊ वर्षं उलटली होती आणि लातूरचं नाव लोकांच्या तोंडी वेगळ्याच कारणानं यायला लागलं होतं. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या तयारीसाठी गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन बसस्टँडवर उतरायची. घरमालकांनी पुढच्या खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, मागच्या पडवीत मेस काढल्या होत्या. अम्मीला मात्र लातूर म्हटलं की भूकंपच आठवायचा. "खोली खालच्या मजल्यावर घे," एवढी एकच अट तिनं घातली. खोली मी खालीच घेतली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, ते तिला कधी सांगितलं नाही.

क्लास एका सरांचा होता. कॉलेजातली नोकरी सोडून त्यांनी तो काढला होता आणि ते स्वतः फिजिक्स शिकवायचे. बोटांना कायम खडू लागलेला, आणि बघणं असं की समोरच्याला आपलं उत्तर द्यायच्या आधीच चुकल्यासारखं वाटावं. मी त्यांच्या मुलीएवढी होते, तरी मला 'मॅडम' म्हणायचे. दर रविवारी परीक्षा व्हायची. शेवटच्या सहा परीक्षांची सरासरी काढून महिन्यातून एकदा बॅच बदलायच्या. पहिल्या बॅचला सर स्वतः शिकवायचे, म्हणून सगळ्यांची धडपड तिथं पोचायची. यादी लागायची त्या सोमवारी फाटकाशेजारच्या बोर्डापाशी उभं राहवत नसे. ज्यांना खात्री असायची ती पोरं यादी वरून वाचायची. बाकीची खालून सुरुवात करायची.

ती यादी माझा प्रोग्रॅम काढायचा.

आधीचा प्रोग्रॅम जुनाट होता. एखादा विषय वाढला की तो उसवून पुन्हा शिवावा लागे. मी नवा लिहिला. सगळे मार्क डेटाबेसमध्ये, आणि प्रोग्रॅम व डेटाबेस यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाची एक फाइल. ड्रायव्हर म्हणजे दुभाषाच. प्रोग्रॅमनं मागितलेली यादी तो डेटाबेसकडून आणून देतो, आणि त्या यादीतल्या प्रत्येक रकान्याची माहितीही सांगतो: याचं नाव काय, यात आकडे आहेत की अक्षरं, हा रकाना रिकामा असू शकतो का. माझा प्रोग्रॅम ड्रायव्हर सांगेल तसं वागायचा. रकाना रिकामा असू शकतो असं उत्तर आलं तर तो आधी प्रत्येक घर तपासायचा, रिकामं निघालं तर 'गैरहजर' समजून ती परीक्षा सरासरीतून सोडून द्यायचा. रिकामा असूच शकत नाही असं उत्तर आलं तर न तपासता सरळ आकडा उचलायचा. आधी अर्ज देऊन गैरहजर राहिलेल्या मुलाची परीक्षा धरायची नाही, न सांगता बुडवली तर शून्य, हा सरांचाच नियम होता. तो माझ्या प्रोग्रॅममध्ये चोख बसला होता. पोरं वर येऊन "मॅडम, सरासरी बरोबर आहे ना?" असं विचारायची, तेव्हा मी हसून सांगायची, "कॉम्प्युटरनं काढलीय. त्यात चूक नसते."

सरांना याद्या मराठीत हव्या होत्या आणि आमचा ड्रायव्हर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापायचा. पहिल्या बॅचमधली एक मुलगी एकदा यादीचा कागद घेऊन वर आली होती. दोन वेण्या, बारीक आवाज. म्हणाली, "मॅडम, यात मी कुठली हाय ते मलाच कळत न्हाई." आम्ही दोघीही हसलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत मी इंटरनेट कॅफेत बसून ड्रायव्हरची नवी आवृत्ती उतरवून आणली. नावं स्वच्छ दिसायला लागली. सर माझ्या टेबलापाशी येऊन "छान" म्हणाले. त्यांच्याकडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दिवाळीनंतरची पहिली मोठी यादी सोमवारी लागली. गुरुवारी सकाळी शिपाईकाका वर आले.

"खाली एक बाई आल्यात. वर या म्हनलं तर येईनात. सर शिकवून राहिले, तुमीच बघा."

सायकलींच्या रांगेपलीकडे, उघड्या जागेत एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायावर एसटीतल्या प्रवासाची धूळ.

"वर चला ना, बसून बोलू," मी म्हटलं.

"नको ताई. मी स्लॅबखाली बसत न्हाई. हितंच बरं हाय."

लातुरात याचं कारण कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही.

"माजी पोरगी हाय का हितं?" त्यांनी नाव सांगितलं. तीच, दोन वेण्यांची. "सोमवारी तिनं गावातल्या दुकानात फोन केला. म्हनली, आई, माजा लंबर गेला, दुसऱ्या बॅचला टाकलं. मी म्हनलं, असू दे. काल तिच्या खोलीवरल्या पोरीचा फोन आला की ती मंगळवारीच पिशवी घिऊन गावाकडं गेली म्हून." त्यांनी पिशवी मुठीत आवळली. "ताई, गावाकडं ती आलीच न्हाई."

परीक्षेत मागं पडून खोली सोडून गेलेल्या पोरांच्या गोष्टी लातुरात कुजबुजत फिरायच्या. त्यातल्या काहींचा शेवट कुणी मोठ्यानं सांगत नसे. या बाईंनीही त्या ऐकल्या असणार, हे त्यांच्या पिशवीवरच्या मुठीकडे बघून कळत होतं.

"अर्ज दिऊन गैरहजर ऱ्हायलं तरी शून्य धरत्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"एका रविवारची परीक्षा तिची माज्यामुळं ऱ्हायली. निलंग्याच्या फुडं आमचं गाव. आदल्या दिशी जमीन हालली जरा. लई न्हाई. हालल्यालं कळावं म्हून डब्यावर पालथा तांब्या ठिवत असते मी, तेवढा पडला. पन मला मग काय सुदरत न्हाई. मालक भूकंपातच गेले आमचे. मी अंगनात जाऊन बसले ती घरात जाईचना. शेजाऱ्यानं पोरीला फोन केला. अर्ज दिऊन आली ती. दोन दिस माज्यापाशी बसली. मग तिचा लंबर कशानं गेला?"

"बाकीच्या परीक्षांत मार्क कमी पडले असतील," मी म्हटलं. "कॉम्प्युटर काढतो सरासरी. त्यात चूक होत नाही."

त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, हे बघून मला कसंतरीच झालं. "तुम्ही बसा, मी बघून येते," म्हणून मी जिना चढले.

तिचे सहा परीक्षांचे मार्क कागदावर उतरवले. पाच आकडे आणि एक रिकामं घर. पाचांची बेरीज केली, पाचानं भागली. यादीतल्या सरासरीशी ती जुळेना. पुन्हा केली. मग बेरजेला सहानं भागलं आणि यादीतला आकडा जसाच्या तसा समोर आला. रिकाम्या घरात शून्य धरलं गेलं होतं. तिला खाली ढकलणारं दुसरं काहीच नव्हतं. पेन्सिल ठेवली तर ती टेबलावरून घरंगळत खाली गेली आणि मी नुसती तिच्याकडे बघत राहिले.

सरांना मी तास चालू असताना बोलावलं. तसं आजवर कुणी केलेलं नव्हतं. ते रागानंच बाहेर आले. मुलगी सापडत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. हातातला खडू त्यांनी खिशात टाकला आणि माझ्या आधी ते जिना उतरले. त्या बाईंशी ते फार हळू बोलले. नातेवाईक कोण, कुठं, विचारलं. मामा उदगीरला, मावशी मुदखेडला. उदगीरचा फोन लागला. तिथं ती गेली नव्हती. मावशीकडे फोन नव्हता. नवरा रेल्वेत गँगमन, क्वार्टर स्टेशनच्या मागं, एवढाच पत्ता. सर एका शिक्षकाला घेऊन पोलीस चौकीकडे निघाले आणि शिपाईकाकांना बसस्टँडवर पाठवलं.

नांदेडजवळच्या मुदखेडचं नाव ऐकल्यावर मी अब्बांच्या दुकानात फोन लावला. रेल्वेतल्या कितीतरी लोकांची घड्याळं त्यांच्याकडे यायची. सगळं ऐकून ते म्हणाले, "हौ, जाताऊं. पॅसेंजर है अब्बी."

"और दुकान?"

"दुकान कहाँ भागरी, बेटा?"

मग वाट बघणं सुरू झालं. त्या बाई सायकलींपाशी शिपाईकाकांच्या स्टुलावर बसल्या होत्या. मी चहा नेऊन दिला; तो तसाच गार झाला. त्यांच्या शेजारी बसायचं मला धाडस होईना. फाटकातून कुणीही मुलगी आत आली की त्या अर्धवट उठायच्या. मी वर जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

प्रोग्रॅम ड्रायव्हरला काय विचारतो आणि ड्रायव्हर काय उत्तर देतो ते मी पडद्यावर छापून घेतलं. मार्कांच्या रकान्यापाशी प्रश्न होता, हा रिकामा असू शकतो का? ड्रायव्हरचं उत्तर होतं, नाही. मी जुना ड्रायव्हर परत बसवून तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, हो.

कारण शोधायला तासभर गेला. मार्कांच्या मूळ तक्त्यात रिकामं घर नसायचंच, कारण परीक्षा दिली तर मार्कांची, न सांगता बुडवली तर शून्याची नोंद व्हायची; अर्ज देणाऱ्याची नोंदच व्हायची नाही. पण मी काढत असलेली यादी दोन तक्ते जोडून बनायची, एक सगळ्या मुलांचा आणि दुसरा मार्कांचा. ज्याची नोंद नाही त्याचं घर त्या जोडलेल्या यादीत रिकामं यायचं. नवा ड्रायव्हर जोडलेल्या यादीकडे न बघता मूळ तक्त्याकडे बघून उत्तर देत होता. माझ्या प्रोग्रॅमनं त्याच्यावर विसंबून न तपासता आकडा उचलला, आणि रिकाम्या घरातून आकडा उचलला की शून्य येतं. फिजिक्सच्या पेपरात निगेटिव्ह मार्किंगमुळे शून्य तसं नवलाचं नव्हतं, आणि बोर्डावर तर फक्त सरासरी छापली जायची. कुणाला दिसणार होतं?

मी अर्जांची फाइल काढली आणि एकेक नाव ताडून पाहिलं. त्या मुलीसारखी आणखी आठ जणं होती. सगळ्यांची सरासरी मी हातानं काढली. प्रोग्रॅमवर तेव्हा विश्वास उरला नव्हता.

सर चौकीवरून परत आले, तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"चूक कुणाची?"

"ड्रायव्हरची, सर," माझ्या तोंडून लगेच निघालं. खिडकीतून खाली स्टुलावरच्या त्या बाई दिसत होत्या. "मीसुद्धा नवा ड्रायव्हर बसवून एकदाही हातानं पडताळणी केली नाही," मी पुढे म्हटलं.

त्यांनी नऊही नावं बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "यादी बदला. कारण लिहू नका. समोरच्या क्लासवाल्यांना एवढंच हवंय." कागद परत देताना, माझ्याकडे न बघता, "आधी ती पोरगी सापडू दे."

दुपारी साडेतीनच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. दोघंही एकदम उठलो. मी उचलला. पलीकडे मुदखेड स्टेशनसमोरच्या बूथचा गलका आणि त्यातून अब्बांचा आवाज.

"मिली बेटा. खाला के घर में है. रोट्या थापरी."

मी रिसीव्हर हातात धरूनच जिन्याकडे धावले, तर वायर ताणली जाऊन फोन खाली पडला. सरांनी तो उचलला. मी जिन्याच्या मधल्या वळणावरूनच ओरडले, "आहे! मावशीकडे आहे! भाकऱ्या थापतेय!"

त्या बाई उठल्या नाहीत. पदर तोंडाला लावून तिथंच स्टुलावर वाकून बसल्या. पदराआडूनच म्हणाल्या, "हाव, तिला भाकरी चांगल्या येत्यात." मग रडल्या.

तिला आणायला मीही येते, असं मी म्हटलं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही नांदेडला गेलो. घर आमचं जुन्या पद्धतीचं, वर पत्रे. तरी त्या आत झोपणार नाहीत हे अम्मीला न सांगता समजलं. तिनं आम्हा दोघींची अंथरुणं अंगणात टाकली. सकाळी पॅसेंजरनं आम्ही मुदखेडला उतरलो.

मुलगी दारातच भेटली. आईला बघून आधी घाबरली, मग तिला बिलगली. मला बघितल्यावर मात्र ओठ घट्ट मिटून घेतले.

"मी म्हनलं सरांना माजा अर्ज खोटा वाटला," ती म्हणाली. "जमीन हालली म्हून लिवलं होतं मी. लातुरात तर काय कळलं न्हवतं कुनाला. ही पोरगी बहाने सांगूलालीय, असंच वाटलं असंल त्यांना. म्हून शून्य दिलं. बेरजेला सहानं भागलं तवाच जुळलं मला."

"मग वर येऊन विचारायचंस ना मला."

"काय इचारू? तुमीच म्हनत होता मॅडम, कॉम्प्युटरची चूक नसती."

मावशी चूल फुंकत होती. मी उंबऱ्यापाशी बसले आणि जमिनीवर बोटानं चौकोन काढून तिला सगळं सांगितलं. हा ड्रायव्हर, हा त्याला विचारलेला प्रश्न, हे त्यानं दिलेलं चुकीचं उत्तर, आणि ही मी, न तपासणारी. ती लक्ष देऊन ऐकत होती. परीक्षेत बसल्यावर दिसायची तशीच.

"म्हंजी आनखी पन असतील माज्यासारखी."

"आठ."

"त्यान्ला सांगितलं?"

"यादी बदलणार आहे आता."

"यादी बदलंल ओ. त्यान्ला सांगितलं का पन?"

परतीच्या एसटीत ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी सरांशी काय बोलायचं ते मनात घोळवत होते. नोकरी गेली तर अब्बांना कसं सांगायचं, हेही.

शनिवारी सरांच्या खोलीत मी उभ्यानंच बोलले. "सर, कारण सांगायला हवं. त्यातल्या प्रत्येकाला वाटत असेल की तुम्ही अर्ज खोटा ठरवलात."

त्यांनी मान वर केली. ही बाजू त्यांच्या ध्यानातच आली नसावी. "तिला तसं वाटलं?"

"हो."

दुपारी त्यांनी तिन्ही बॅच मोठ्या हॉलमध्ये बोलावल्या. "यादीत चूक झाली आहे. चूक क्लासची आहे, मुलांची नाही. अर्ज दिलेल्या कुणावरही मी संशय घेतला नव्हता," सर म्हणाले आणि बाजूला झाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मग मीच पुढे झाले. प्रोग्रॅम मी लिहिलाय, मी तपासलं नाही, एवढं सांगितलं. शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला, "मॅडम, मागच्या महिन्याचीपन तपासा की."

तपासली. ती बरोबर निघाली. पण त्यानंतर कितीतरी आठवडे पोरं आपापले मार्क चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या मजल्यावर यायची आणि मी त्यांच्यासमोर हातानं सरासरी काढून द्यायची. सरांनी एकदा दारातून बघितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आणखी दोन खुर्च्या आलेल्या होत्या.

ड्रायव्हर बनवणाऱ्यांना मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेल लिहिला. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. इतरांनीही हे कळवलं होतं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, आभार. माणसं भली होती. मला त्यांना मुदखेडबद्दल सांगावंसं वाटलं, पण काय लिहायचं ते सुचेना.

ती मुलगी परत आली, पण पहिल्या बॅचला गेली नाही. दुसऱ्या बॅचला फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडम तीनदा विचारलं तरी चिडत नाहीत, असं तिनं सरांना तोंडावर सांगितलं. सरांना ते लागलं असणार. पुढे तिला मेडिकल मिळालं नाही, नांदेडला बी. फार्मसी मिळालं. पहिल्या वर्षाला असताना ती दोन-तीनदा अब्बांच्या दुकानात येऊन गेली.

तिला धरून नऊ जणांपैकी आठ जण क्लासमध्ये राहिले. नववा अहमदपूरकडच्या एका खेड्यातला मुलगा. त्यानं त्याच मंगळवारी खोली सोडली होती, पेटी आणि गादी घेऊन. त्याच्या गावात ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्याशी सर स्वतः बोलले. मुलगा कामासाठी बाहेरगावी गेला, कुठं ते घरच्यांना नीट सांगता येत नाही, एवढंच कळलं. मी त्याच्या घरच्या पत्त्यावर एक पत्र पाठवलं, महिन्यानं दुसरं. दोन्हींत चूक माझी होती असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्रं त्याच्यापर्यंत पोचली का, तेही मला आजवर ठाऊक नाही.

त्याची सरासरी मी हातानं काढली होती. पहिल्या बॅचमध्ये तो पाचवा होता.